गाणी राहिली, नावे हरवली!
(घरच्या संगणकावरील गीतसंग्रह कसा लावावा?)

गेल्या वर्षी आपल्या संस्थेच्या वर्धापनदिनाला ध्वनिक्षेपकावर लावण्यासाठी जुनी भीमगीते आणण्याचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपविले. माझ्या घरच्या संगणकात वडिलांच्या काळातील पुष्कळ गाणी आहेत हे सर्वांना ठाऊक होते. मीही ते काम हौसेने स्वीकारले. पाहुणे येण्यापूर्वी एक गाणे लागले. ढोलकीची थाप, मागे लोकांच्या टाळ्या आणि एका बाईंचा खडा सूर. आपल्या अभ्यासिकेतील एक विद्यार्थिनी जवळ येऊन म्हणाली, "काका, हे गाणं कुणी लिहिलंय? मला कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये म्हणायचंय. गीतकाराचं नाव सांगावं लागतं."

मी पडद्याकडे पाहिले. तेथे लिहिले होते : 'टेप १४ बी, ट्रॅक ०७'. यापलीकडे मला काहीही सांगता आले नाही.

मी बँकेत कारकून आहे. खातेदाराच्या नावात एका अक्षराचा फरक पडला तरी आम्ही धनादेश परत करतो. असा मी, आणि माझ्याच घरातील गाण्यावर धन्याचे नाव नाही! त्या दिवसापासून हा विषय डोक्यात होता. माझ्या हातून झालेली चूक इतरांच्या हातून होऊ नये, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे. मी संगणकतज्ज्ञ नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. त्यामुळे लिहिले आहे ते माझ्यासारख्या सामान्य माणसाला जमेल एवढेच.

झाले ते असे

आमचे वडील खडकीच्या कारखान्यात कामाला होते. कॅसेट जमविणे हा त्यांचा एकच शौक. दर ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर आणि १४ एप्रिलला पुणे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या परिसरात लागणाऱ्या दुकानांतून ते एखादी-दुसरी कॅसेट आणीत. शिवाय कोऱ्या कॅसेट घेऊन वस्तीतील गायनपार्ट्यांचे कार्यक्रम स्वतः टेप करीत. अशा एकूण ८६ कॅसेट झाल्या होत्या. प्रत्येक कॅसेटच्या कव्हरच्या आत ते बॉलपेनने तारीख, ठिकाण, गायक, गीतकार, पेटीवर कोण, ढोलकीवर कोण असे सगळे बारीक अक्षरात लिहीत. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण नोंद अशी की आमच्या शाखेतील लेजरने लाजावे.

त्यांच्या निधनानंतर २०१० साली आम्ही घर बदलले. सामान कमी करायचे म्हणून मी जुन्या बाजारातून एक वापरलेला टेपडेक आणला, तपकीर गल्लीतून वायर आणली आणि सुट्टीच्या दिवशी बसून सर्व कॅसेट संगणकात उतरवून घेतल्या. संगणकातील जागा वाचावी म्हणून आवाजाचा दर्जा कमी ठेवला. गाण्याच्या शेवटी खरखर वाढली किंवा टाळ्या सुरू झाल्या की तो भाग कापून टाकला. फाईलींना संगणकाने आपोआप दिलेली नावे तशीच राहू दिली. मग कॅसेट कव्हरांसकट भंगारवाल्याला दिल्या.

वर्धापनदिनाहून घरी आल्यावर ते गाणे आईला ऐकविले. ती दोन ओळींतच म्हणाली, "अरे, ही तर आपल्या लायनीतली! आबांनी बुद्धजयंतीला टेप केलं होतं. गाणं हिच्या मामानं रचलं होतं. त्याचं नाव आबांनी लिहून ठेवलं होतं बघ कव्हरवर. ती कव्हरं कुठं आहेत?"

कव्हरे कुठे आहेत हे तिला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही.

गीतकाराचे नाव एवढे महत्त्वाचे का?

कोणी म्हणेल, गाणे आहे ना, मग नावाचे काय एवढे? परंतु आपल्या चळवळीतील गाण्यांचा इतिहास पाहिला तर नावाचे मोल कळते.

सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत १९३० च्या दशकात भीमराव कर्डक व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले. ज्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेबांचा विचार या गाण्यांनी पोहोचविला. पुढे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून गाणी लिहिली आणि गायिली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप अशा बुलंद आवाजाच्या गायकांनी ही परंपरा घराघरांत नेली. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाल्या आणि ज्या वस्तीत रेकॉर्डप्लेअर कधी आला नव्हता तेथे टेपरेकॉर्डर वाजू लागला.

यात एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. गायकाचा आवाज ओळखू येतो, कवीचा येत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आजही पोरासोरांना ओळखू येईल. पण ते गाणे कोणी रचले, हे आवाजावरून कळत नाही. ते कव्हरवर छापलेले किंवा कोणीतरी लिहून ठेवलेले असेल तरच कळते. कव्हर गेले की सर्वांत आधी कवी जातो, मग चाल देणारा, मग वादक. गायक तेवढा उरतो.

यावर आपल्या शाहिरांनी फार पूर्वीपासून एक तोड काढलेली आहे. संतांनी अभंगात जशी आपली नाममुद्रा घातली, तशी शाहीर व भीमगीतकार शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. वामनदादांच्या अनेक गाण्यांच्या अखेरीस 'वामन' ही मुद्रा येते. म्हणजे गाण्याने स्वतःची पावती स्वतःच्याच खिशात ठेवलेली असते. परंतु कॅसेटची बाजू संपत आली की नेमके शेवटचे कडवे तुटते. कार्यक्रम लांबला की गायकही ते सोडून देतो. आणि माझ्यासारखा शहाणा माणूस खरखर नको म्हणून तेच कडवे कापतो! 'ट्रॅक ०७' चे शेवटचे कडवे मी असेच माझ्या हाताने कापले होते.

म्हणून पहिला नियम असा की, गाण्याचा शेवट कधीही कापू नये. खरखर असली तरी असू द्यावी.

कॅसेटमधील गाणे संगणकात जाते म्हणजे काय होते?

कॅसेटच्या फितीवर लोहचुंबकीय पूड असते. आवाजाच्या चढउताराप्रमाणे तिच्यातील चुंबकत्व कमीजास्त झालेले असते. फीत दर सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगाने 'हेड'वरून सरकते आणि त्या चुंबकत्वाचा पुन्हा आवाज होतो. फीत जितकी वाजेल तितकी झिजते. पुण्याच्या पावसाळ्यात दमट कपाटात राहिली तर तिला बुरशी लागते. म्हणून कॅसेट कितीही जपली तरी ती कायमची नव्हे.

संगणक आवाज आकड्यांत लिहितो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे जे प्रमाण आहे त्यानुसार आवाजाची पातळी दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर नोंदविली जाते. डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचे हे आकडे धरले तर एका मिनिटाला सुमारे साडेदहा एमबी जागा लागते. या सरळ फाईलला 'वेव्ह' म्हणतात.

एवढी जागा पूर्वी परवडत नसे. म्हणून जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेतील संशोधकांच्या पुढाकाराने 'एमपी-३' ही पद्धत तयार झाली. फाईलला हे शेपूट लावण्याचे जुलै १९९५ मध्ये ठरले. मोठ्या आवाजाच्या जोडीला आलेला बारीक आवाज माणसाच्या कानाला बहुधा जाणवत नाही, या गोष्टीचा फायदा घेऊन ही पद्धत असे बारीक आवाज गाळून टाकते. त्यामुळे मिनिटाला एक एमबी जागेत काम भागते. पण एकदा गाळलेले परत मिळत नाही. मागचा टाळ किंवा लांबून साथ देणारी कोरसमधली बाई यांचे आवाज अशा गाळणीत दबतात.

२००१ साली 'फ्लॅक' नावाची पद्धत आली. ती काहीही न गाळता फाईल आवळते. साधारण निम्म्या जागेत सर्व आवाज जसाच्या तसा राहतो.

आता हिशेब पाहा. नव्वद मिनिटांची कॅसेट 'वेव्ह' स्वरूपात सुमारे ९५० एमबी होते. माझ्या वडिलांच्या ८६ कॅसेट सर्व नव्वद मिनिटांच्या धरल्या तरी ८२ जीबीच्या आत मावतात. आज १२८ जीबीचा अंगठ्याएवढा पेनड्राईव्ह कोणत्याही दुकानात मिळतो. ज्या जागेच्या काटकसरीसाठी मी गाणी कापली ती जागा आज खिशात मावते. म्हणून दुसरा नियम असा की, मूळ प्रत 'वेव्ह' किंवा 'फ्लॅक'मध्येच ठेवावी. मोबाईलवर ऐकण्यासाठी तिच्यावरून 'एमपी-३' प्रत वेगळी काढावी.

फाईलच्या आतील नोंद

पुष्कळांना वाटते की फाईलचे नाव म्हणजेच तिची ओळख. तसे नाही. गाण्याच्या फाईलच्या आत एक छोटे टिपण ठेवता येते, त्याला 'टॅग' म्हणतात. कॅसेटचे जसे कव्हर, तसे हे फाईलचे कव्हर. फरक एवढाच की हे कव्हर कॅसेटपासून सुटे होत नाही. फाईलचे नाव कोणी बदलले किंवा ती दुसऱ्या मोबाईलमध्ये गेली तरी आतले टिपण तिच्याबरोबर जाते.

'एमपी-३' फाईलसाठी अशी सोय १९९६ साली 'आयडी-३' या नावाने झाली. फाईलच्या शेवटी १२८ अक्षरांची जागा. त्यात गाण्याला ३०, कलावंताला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४ आणि शेऱ्याला ३० अक्षरे. गीतकाराला जागाच नव्हती! गाण्याचा प्रकार लिहायला ८० प्रकारांची ठरीव यादी होती. तीत युरोपातील 'पोल्का' नाचाला जागा होती, पण 'लोकगीत' हा साधा प्रकारही नव्हता. तो पुढे 'विनॅम्प' या प्रणालीने यादी वाढविली तेव्हा आला. भीमगीत, जलसा, ओवी, पोवाडा यांचे तर नावच नको. ज्यांनी ती चौकट केली त्यांच्या मनात आपल्याविषयी आकस होता असे नव्हे. त्यांच्यासमोर त्यांची गाणी होती. पण कोणतीही चौकट आयती घेतली की तीत आपली माणसे बसत नाहीत, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

अडचण लिपीचीही होती. संगणकात देवनागरी यावी यासाठी आपल्या पुण्यातच मोठे काम झाले. १९८८ साली येथे स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेच्या 'जिस्ट' गटाने भारतीय लिप्यांचे तंत्रज्ञान विकसित केले. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सांकेतिक अक्षरांचे राष्ट्रीय मानक ठरले आणि त्याच वर्षी 'युनिकोड' या जागतिक मानकाच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली. परंतु घरच्या संगणकावर ती सर्रास वापरता येईपर्यंत बरीच वर्षे गेली. मधल्या काळात जो तो आपापला फॉन्ट वापरी. तो फॉन्ट दुसऱ्या संगणकात नसला की मराठीच्या जागी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरे दिसत.

शिवाय युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त हे इंग्रजी अक्षराच्या तिप्पट जागा घेते. 'वामनदादा कर्डक' एवढे नाव लिहायला ४० घरे लागतात. जुन्या टॅगमध्ये घरे होती ३०! म्हणजे मराठीत लिहिण्याची सोय असती तरी दादांचे आडनाव पुरते मावले नसते.

सुदैवाने १९९८ साली या टॅगची दुसरी आवृत्ती आली. तीत लांबीची अडचण उरली नाही, युनिकोड चालते आणि गीतकार व संगीतकार यांना स्वतंत्र रकाने आहेत. आज जागा आहे, लिपी आहे, रकाना आहे. भरणारा हात तेवढा हवा.

पुण्यातीलच एक उदाहरण

एवढे बारीक काम कोण करणार, असे कोणी विचारील. ज्यांनी केले त्यांचे उदाहरण पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोन संशोधकांनी १९८० च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. जमलेल्या ओव्या एक लाखाहून अधिक! त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रितही केल्या. संगीताचे अभ्यासक व संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांची संगणकावर पद्धतशीर नोंद झाली. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर हा ठेवा सर्वांना पाहता व ऐकता येतो. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीतील महिलांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरील ओव्याही त्यात आहेत.

मला या कामात संख्येपेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे की, ओवीबरोबर ती सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदविलेले आहे. जी ओवी शतकानुशतके 'कुणाचीच नाही' म्हणून गायिली गेली, तिच्यापुढे एका कष्टकरी बाईचे नाव आले. एक लाख ओव्यांच्या बाबतीत हे होऊ शकते, तर आपल्या घरातील तीनचारशे गाण्यांच्या बाबतीत का होऊ नये?

प्रत्यक्ष कामाची रीत

आता मी स्वतः गेले वर्षभर जे करीत आहे ते क्रमाने सांगतो.

१) आधी कव्हर, मग कॅसेट. कॅसेट वाजविण्यापूर्वी तिच्या दोन्ही बाजूंचे व कव्हराच्या आतल्या-बाहेरच्या मजकुराचे मोबाईलने स्वच्छ फोटो काढावेत. ते गाण्यांच्याच फोल्डरमध्ये ठेवावेत.

२) कॅसेट सबंध उतरवावी. टेपडेकचे हेड कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. एक बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधल्या घोषणा, निवेदन, टाळ्या यांसह एका फाईलमध्ये घ्यावी. निवेदनात पुष्कळदा कवीचे नाव असते. यासाठी 'ऑडॅसिटी' ही प्रणाली विनामूल्य मिळते. मग त्याच फाईलवरून एकेक गाणे वेगळे काढावे. मूळ फाईल तशीच राहू द्यावी.

३) फोल्डर विषयवार करू नयेत. मी आधी 'भीमगीते', 'बुद्धगीते', 'लोकगीते' असे केले आणि फसलो. एका गाण्यात बुद्धही असतात आणि बाबासाहेबही. प्रल्हाद शिंदे यांची भीमगीते जेवढी लोकप्रिय, तेवढीच त्यांची विठ्ठलाची गाणीही. मग ती कॅसेट कोठे ठेवायची? म्हणून फोल्डर कॅसेटवार करावा व त्याला क्रमांक द्यावा. विषय टॅगमध्ये लिहावा, म्हणजे शोधताना सापडतो.

४) क्रमांक व तारीख एकाच पद्धतीने लिहावेत. १, २, १० असे लिहिले तर काही यंत्रांत १ नंतर १० येतो आणि २ मागे पडतो. म्हणून ००१, ००२, ०१० असे लिहावे. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली की फाईली आपोआप कालक्रमाने लागतात.

५) नाव पूर्ण लिहावे. आमच्या काउंटरवर एकाच नावाचे चार खातेदार असतात. गाण्यांतही तसेच. नुसते 'कर्डक' लिहिले तर भीमराव की वामनदादा? नुसते 'शिंदे' लिहिले तर प्रल्हाद, आनंद, मिलिंद की आदर्श? शक्यतो देवनागरीत लिहावे. रोमन लिपीत लिहायचे तर एकच स्पेलिंग ठरवावे. 'भीम' या शब्दात एकाने एक 'आय' घातला आणि दुसऱ्याने दोन 'ई' घातले, तर संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होतात आणि शोधताना निम्मी गाणी निसटतात.

६) टॅग भरावेत. विंडोजवर 'एमपी-३ टॅग' ही विनामूल्य प्रणाली चांगली आहे. एका वेळी अख्ख्या कॅसेटच्या फाईली निवडून सामाईक माहिती भरता येते. 'म्युझिकब्रेन्झ पिकार्ड' नावाची प्रणाली आवाजाच्या ठशावरून गाणे ओळखते, पण ज्यांची नोंद तेथे आधी कोणी केलेली आहे तीच. आपल्या वस्तीत टेप केलेले गाणे तिला कोठून ओळखू येणार? ते आपल्यालाच ओळखावे लागेल.

७) 'अज्ञात' लिहायला लाजू नये. माहीत नसताना अंदाजाने एखाद्या मोठ्या कवीचे नाव ठोकून देणे हा त्या कवीवरही अन्याय आणि खऱ्या कवीवरही. आमच्याकडे ज्या रकमेचा धनी कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो आणि ते खाते पुनःपुन्हा तपासतो. तसा 'शोध चालू' हा एक शेरा ठेवावा. माहिती कोणी दिली, कधी दिली, हेही शेऱ्यात लिहावे.

८) एक वही ठेवावी. संगणकावर एक्सेलमध्ये नोंद करावीच, पण तीच कागदावरही असावी. रकाने एवढे पुरेत : क्रमांक, गाण्याची पहिली ओळ, गीतकार, संगीत, गायक, वादक, तारीख, ठिकाण, माहिती देणारा. वीज गेली तरी वही वाचता येते.

९) तीन प्रती ठेवाव्यात. एक संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा बहिणीकडे. हार्ड डिस्क न सांगता बंद पडते. दर वर्षी एक दिवस ठरवून सर्व प्रती उघडून पाहाव्यात. मी बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार ठरविला आहे.

१०) कॅसेट टाकू नये. एवढे सगळे झाल्यावरही टाकू नये. याहून अधिक काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

कायद्याविषयी दोन शब्द

आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे टिकतो. वामनदादांचे निधन २००४ साली झाले, म्हणजे त्यांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. त्यामुळे घरात ऐकण्या-अभ्यासण्यासाठी संग्रह लावणे वेगळे, आणि त्यातील गाणी स्वतःच्या नावाने इंटरनेटवर चढविणे वेगळे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकारांचा मानधनावरील हक्क अधिक पक्का केला. परंतु हक्क कुणाला द्यायचा हे कळण्यासाठीही आधी नाव हवे.

विद्यार्थ्यांना विनंती

टॅग भरणे तुम्हा मुलांना दहा मिनिटांत जमते. आम्हाला तासभर लागतो. पण टॅगमध्ये काय भरायचे हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. बँकेत दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. तरीही वारस आला तर ती परत मिळते. आजोबांच्या किंवा आजीच्या डोक्यातील नाव त्यांच्याबरोबर गेले की कोणत्याही अर्जाने परत मिळत नाही. म्हणून रविवारी एक तास काढा. मोबाईलवर गाणे लावा, आजीच्या शेजारी बसा आणि विचारा, "आजी, हे कोण गातंय? पेटीवर कोण आहे? कुणी लिहिलं?" ती बोलेल तेही रेकॉर्ड करा.

'ट्रॅक ०७' चे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. आईने सांगितलेल्या खुणेवरून मी त्या गायिकेच्या मुलीचा शोध घेतला. गायिका आता हयात नाहीत. मुलगी पिंपरीकडे राहते. तिच्याकडे आईची गाण्यांची वही निघाली, शाईने लिहिलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. त्यात ते गाणे होते आणि मी कापलेले शेवटचे कडवेही होते. त्या कडव्यात कवीचे पहिले नाव होते. आडनाव, गाव काही नव्हते. मुलीलाही मामा-आजोबांचे सगळे 'मामा' म्हणत एवढेच आठवत होते. ती नावे येथे छापायची तर त्यांच्या घरच्या सर्वांना विचारले पाहिजे, म्हणून दिली नाहीत.

आज माझ्या संगणकातील त्या फाईलला गाण्याचे नाव आहे. गायिकेचे पूर्ण नाव आहे. गीतकाराच्या रकान्यात कवीचे पहिले नाव असून पुढे कंसात 'मुद्रेवरून. आडनाव शोध चालू' असे लिहिले आहे. ध्वनिमुद्रण या रकान्यात माझ्या वडिलांचे नाव आहे. त्या विद्यार्थिनीला मी हे सर्व लिहून दिले. गॅदरिंग केव्हाच होऊन गेले होते, पण तिने तो कागद जपून ठेवला आहे.

ज्यांच्या घरात जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या संस्थेच्या कार्यालयात रविवारी सकाळी आणाव्यात. टेपडेक मी घेऊन येईन. एकच विनंती आहे. कव्हरासकट आणा.

जयभीम!